ऑपरेशननंतर जखम भरायला व्हिटॅमिनच्या गोळ्या: कुठली घ्यायची, कधी घ्यायची, कुठली सोडायची

ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की दोन-तीन दिवसांत पलंगाशेजारच्या स्टुलावर गोळ्यांची गर्दी होते. हॉस्पिटलने लिहून दिलेल्या असतात, मेडिकलवाल्याने "ही पण घ्या, जखम लवकर भरते" म्हणून दिलेली एक स्ट्रिप असते, कुणीतरी भेटायला येताना प्रोटीन पावडरचा डबा आणतं, आणि घरात आधीपासून पडलेली बी कॉम्प्लेक्स असतेच. पेशंट बिचारा सगळं गिळतो. आणि दुसरीकडे त्याच माणसाला घरात सांगितलेलं असतं की आंबट खायचं नाही, डाळ वातूळ असते, अंडं गरम पडतं, आठ दिवस नुसता मऊ भात आणि वरणाचं पाणी. मला हे बघून खरंच काळजी वाटते, कारण जखम ज्याच्यावर भरते ते ताटातून काढून घेतलेलं असतं आणि त्याची भरपाई गोळीने होईल असं सगळे धरून चाललेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुमच्या सर्जनने सांगितलेलं आणि मी लिहिलेलं यात फरक पडला तर सर्जनचं ऐका, त्यांनी तुमची जखम आतून बघितलेली आहे.

जखमेत काय चालू असतं

हे एकदा समजलं की कुठली गोळी कशाला ते आपोआप कळतं. आधी रक्त गोठतं. मग तीन-चार दिवस सूज, थोडी लाली, थोडा गरमपणा, हे नॉर्मल आहे, तिथे साफसफाई चालू असते. त्यानंतर साधारण तीन आठवडे शरीर तिथे कोलॅजन नावाचा धागा तयार करत राहतं, नवीन बारीक रक्तवाहिन्या येतात, वरून कातडी सरकत येऊन मिटते. आणि मग हा धागा घट्ट होण्याचं, नीट रचला जाण्याचं काम कित्येक महिने, कधीकधी वर्षभर चालू राहतं. टाके काढतात तेव्हा, म्हणजे चेहऱ्यावरचे पाच-सात दिवसांनी, पोटावरचे किंवा हातापायाचे दहा-चौदा दिवसांनी, तेव्हा त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि पूर्वीइतकी ती कधीच होत नाही. त्यामुळे टाके निघाले म्हणजे झालं असं समजून खाण्याकडे दुर्लक्ष करू नका, खरं बांधकाम तेव्हा अर्ध्यावर पण आलेलं नसतं.

आता कोलॅजन हे प्रोटीन आहे, म्हणजे माल लागतो प्रोटीनचा. तो धागा पक्का पिळला जायला व्हिटॅमिन सी लागतं, सी नसेल तर शरीर धागा बनवतं पण तो कच्चा राहतो आणि टिकत नाही. नवीन पेशी भराभर तयार व्हायला झिंक लागतं, व्हिटॅमिन ए लागतं, आणि ऑक्सिजन पोचवायला हिमोग्लोबिन बरं असावं लागतं म्हणून लोह, बी ट्वेल्व्ह, फॉलिक ॲसिड. यातलं काहीही कमी पडलं की जखम रेंगाळते. पण सगळं पुरेसं असताना दुप्पट दिलं म्हणून ती दुप्पट वेगाने भरत नाही. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

याचा एक फार जुना आणि जबरदस्त पुरावा आहे. १९३९ च्या सुमारास बोस्टनमध्ये जॉन क्रँडन नावाच्या तरुण सर्जनने स्वतःवरच प्रयोग केला, व्हिटॅमिन सी अजिबात नसलेलं जेवण सहा महिने खाल्लं. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम एक काप घेतला, तो व्यवस्थित भरला. सहा महिन्यांनी परत काप घेतला, तेव्हा मात्र वरची कातडी जुळलेली दिसत होती पण खाली काहीच भरलेलं नव्हतं. मग त्याला व्हिटॅमिन सी दिल्यावर ती जागा नीट भरली. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. सी शिवाय जखम भरत नाही हे पक्कं. आणि सी पूर्ण बंद करून तीन महिने झाले तरी एका धडधाकट माणसाची जखम भरली, म्हणजे रोज लिंबू-पेरू-भाजी खाणाऱ्या माणसाला मोठमोठ्या डोसची घाई करायचं काही कारण नाही. पण ज्यांचं खाणं आधीच महिनोन्‌महिने बिघडलेलं असतं, एकटे राहणारे म्हातारे लोक, कॅन्सरचे पेशंट, दारू पिणारे, वजन कमी करायचं ऑपरेशन झालेले, त्यांची टाकी रिकामी असू शकते, त्यांना गोळीचा खरा उपयोग होतो.

ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आधीच करायच्या गोष्टी

तारीख हातात असेल तर हा वेळ वाया घालवू नका. डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, शुगर आणि एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासून घ्या. शाकाहारी असाल किंवा डायबिटीससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी ट्वेल्व्ह पण बघून घ्या, मेटफॉर्मिनने ते कमी होतं आणि ताटात पण फारसं नसतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

तुम्ही स्वतःहून घेत असलेल्या गोळ्यांची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगाच. व्हिटॅमिन ई चे मोठे डोस, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, गिंको, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा, कुठलंही आयुर्वेदिक चूर्ण किंवा भस्म, सगळं. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो म्हणून आठवडा-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. भाजीतली हळद आणि फोडणीतला लसूण यात येत नाही, ते खुशाल खा. आणि रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने कधीच बंद करू नका, ती बंद करायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

आणि तंबाखू. हे मी गोळ्यांच्या आधी लिहितेय कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्तच पोचत नाही, मग त्या रक्तातून व्हिटॅमिन तरी कुठून पोचणार. निदान चार आठवडे आधी बंद केली तर फरक पडतो, आणि नंतर जखम भरेपर्यंत तरी नाहीच. आपल्याकडे डॉक्टर विचारतात "स्मोकिंग करता का" आणि आजी मान हलवून नाही म्हणते, खरंच ती सिगारेट ओढत नसते, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटखा, मावा, खैनी सगळं त्यातच आलं. घरच्यांनी हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवं, यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर पहिलं काम

सगळ्या स्ट्रिपा, डबे, सॅशे एका ठिकाणी आणा आणि एक कागद घ्या. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात काय किती लिहिलंय ते उतरवा. बहुतेक घरांत असं निघतं की बी कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये सी आहेच, शिवाय चघळायची ५०० मिलिग्रॅमची सी वेगळी चालू आहे, मल्टिव्हिटॅमिनमध्ये परत सी आणि झिंक, आणि प्रोटीन पावडरच्या डब्यात परत तेच सगळं. झिंक बघताना स्ट्रिपवर झिंक सल्फेटचा आकडा मोठा दिसतो, तो सोडून द्या, "एलिमेंटल झिंक" म्हणून जो आकडा असतो तो मोजायचा. हा कागद घेऊन ड्रेसिंगच्या दिवशी डॉक्टरांना किंवा तिथल्या डाएटिशियनला दाखवा आणि विचारा की यातलं काय ठेवू, काय बंद करू, आणि कधीपर्यंत. "कधीपर्यंत" हे विचाराच, नाहीतर गोळी वर्षभर चालू राहते. ज्या डब्यावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं छापलेलं असतं तो औषध म्हणून विकलेला नाही हे पण लक्षात ठेवा, त्यावर जखम भरण्याचं चित्र काढलेलं असलं तरी.

ताट आधी

प्रोटीनचा हिशोब सोपा आहे. ऑपरेशननंतर साधारणपणे वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा लावू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आता एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ६ ते ७, वाटीभर घट्ट डाळीत किंवा मटकीच्या उसळीत ६ ते ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात ७, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकन किंवा माशात २० ते २५. वरणाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. मऊ भात आणि वरणाचं पाणी यावर दिवसाला २० ग्रॅम पण होत नाहीत, आणि याच माणसाला आपण कोलॅजनची महाग पावडर आणून देतो. भूक नसते हे खरं आहे, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या: मुगाच्या डाळीचं धिरडं, घट्ट वरण-भातावर तूप, दही, अंड्याची भुर्जी, शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, नाचणीचं सत्त्व दुधातलं, बांगड्याची किंवा सुरमईची तुकडी. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, आणि त्या स्वस्त आहेत. पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन असेल तर मात्र काय कधी सुरू करायचं ते हॉस्पिटल सांगेल तसंच.

आता आंबटाचं. "आंबट खाल्लं की जखम पिकते, पू होतो" हे माझ्या सासूबाईंच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, आणि त्या प्रेमानेच सांगतात, पण पू होतो जंतूंमुळे, लिंबामुळे नाही. आणि या एका समजुतीने पेशंटच्या ताटातून लिंबू, संत्रं, आवळा, चिंच, टोमॅटो, दही सगळं एकदम जातं, म्हणजे सी जातं आणि थोडं प्रोटीन पण जातं. घरात वाद घालायची इच्छा नसेल तर पेरू द्या, तो गोड असतो, कुणी हरकत घेत नाही, आणि १०० ग्रॅम पेरूत संत्र्याच्या चौपट-पाचपट सी असतं, २०० मिलिग्रॅमच्या पुढे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम धरलंय, म्हणजे एका मध्यम पेरूत दिवसाचं काम होऊन वर शिल्लक राहते. आवळा पण तितकाच भारी, पण मोरावळा म्हणून शिजवून साखरेत घातला की बरंचसं सी जातं आणि शुगरवाल्यांना तो चालत पण नाही, त्यापेक्षा कच्चा किसून कोशिंबिरीत घाला. लिंबू भाजी शिजताना पिळू नका, ताटात पिळा. ए साठी लाल भोपळा, गाजर, पपई, शेवग्याचा पाला, अंड्याचा बलक.

आता एकेक गोळी

सी: डॉक्टरांनी ५०० ची रोज एक काही आठवडे दिली असेल तर घ्या, बहुतेकांना त्रास होत नाही. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर स्वतःहून जाऊ नका, जुलाब होतात, आणि मुतखडा होऊन गेला असेल तर मोठे डोस टाळाच, सी चं शरीरात ऑक्झलेट होतं आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात.

झिंक: कमतरता असेल तर उपयोगी, नसेल तर जास्तीचा फायदा दिसलेला नाही. पायावरच्या जुन्या, न भरणाऱ्या व्रणांवर झिंकच्या गोळ्यांचे जे प्रयोग झाले ते कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये तपासले, फायद्याचा पुरावा मिळाला नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ होते, म्हणून जेवणानंतर. दिवसाला एलिमेंटल ४० मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून उलट ॲनिमिया होऊ शकतो. दोन-चार आठवड्यांचा कोर्स ठीक, वर्षभर नाही.

ए: ही गोळी स्वतःहून अजिबात घेऊ नका. एक जागा अशी आहे जिथे तिचा खरा उपयोग आहे: ज्यांना स्टेरॉइड चालू असतात, संधिवातासाठी किंवा दम्यासाठी, त्यांची जखम स्टेरॉइडमुळे उशिरा भरते आणि व्हिटॅमिन ए ने तो परिणाम काही प्रमाणात उलटवता येतो, हे १९६० च्या दशकापासून सर्जनना माहीत आहे. पण तो डोस डॉक्टरांनी, मोजके दिवस. ए शरीरात साठतं, लिव्हरला त्रास देतं, आणि गरोदर बाईला किंवा दिवस जायची शक्यता असेल तर बाळाला व्यंग येऊ शकतं.

डी: आपल्याकडे कमतरता सर्रास आहे, म्हणून ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल खूप लिहून देतात. ही आठवड्यातून एकदा घ्यायची असते. बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे ही पण रोज घेतली जाते, आणि मग कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीचा त्रास, अशी माणसं परत ॲडमिट होतात. कॅलेंडरवर रविवारी गोल करा आणि ते पाकीट बाकीच्या गोळ्यांपासून लांब ठेवा.

लोह आणि बी: रिपोर्टमध्ये कमी असेल तर. लोहाने शी काळी होते आणि बी कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीजर्द होते, घाबरू नका. पण शी डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल किंवा चक्कर येत असेल तर ते गोळीमुळेच असेल म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

केस-त्वचा-नखं अशा नावाच्या गोळ्यांत बायोटिन खूप असतं. त्याने जखम भरते असं काही नाही, पण थायरॉइडची आणि हार्टची ट्रोपोनिन नावाची तपासणी चुकीची येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिलाय. घेत असाल तर रक्त देताना लॅबमध्ये सांगा.

वेळा सांभाळायच्या म्हणजे काय

हे कुणी नीट सांगत नाही आणि याच्यात खूप नुकसान होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन सारखी अँटिबायोटिक चालू असेल तर झिंक, लोह, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन तिच्याबरोबर गिळू नका, पोटातच ती एकमेकांना धरून बसतात आणि अँटिबायोटिक रक्तात पोचतच नाही. अँटिबायोटिक आधी, आणि ही मंडळी निदान सहा तासांनी. दिवसातून दोनदा अँटिबायोटिक असेल तर सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांना विचारून तो पाच-सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत झिंक-लोह थांबवणं, तेवढ्याने जखमेचं काही बिघडत नाही. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासून पण लांब. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको, पण लिंबूपाणी चालतं, त्याने लोह जास्त शोषलं जातं. रक्त पातळ करायच्या वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या गोळ्या असतील तर व्हिटॅमिन के आणि ई असलेलं काहीही न विचारता सुरू करू नका, आणि "ताकद येईल" म्हणून अचानक रोज पालक-मेथी पण सुरू करू नका (पालेभाजीत के भरपूर असतं), जेवढी भाजी आधी खात होतात तेवढीच ठेवा.

आणि शुगर. १८० च्या वर शुगर राहत असेल तर वरची सगळी मेहनत अर्धी वाया जाते, जंतूंशी लढणाऱ्या पेशीच मंद पडतात. डायबिटीस असेल तर मल्टिव्हिटॅमिनच्या पैशात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणा. प्रोटीन पावडरच्या डब्यावर साखर किती ते पण वाचा, काही डब्यांत प्रोटीनपेक्षा साखरच जास्त असते.

ई ची कॅप्सूल फोडून लावण्याबद्दल

ती हिरवी कॅप्सूल सुईने टोचून व्रणावर चोळायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, सिझेरियनच्या व्रणावर, तीळ काढलेल्या जागी, सगळीकडे. १९९९ मध्ये मायामीतल्या डॉक्टरांनी कातडीचा कॅन्सर काढलेल्या १५ पेशंटवर हे नीट तपासलं, एकाच व्रणाच्या अर्ध्या भागाला साधं मलम, अर्ध्याला ई मिसळलेलं. ९० टक्के पेशंटमध्ये ई ने काही फरक पडला नाही किंवा व्रण जास्त वाईट दिसला, आणि तिघांत एकाला लाल पुरळ आणि खाज आली. अभ्यास छोटा आहे, पण फायदा दिसत नाही आणि त्रास दिसतो, मग लावायचं कशाला. उघड्या, ओल्या जखमेवर तर काहीच नको, ना ई, ना हळद, ना टूथपेस्ट, ना तूप. जखम पूर्ण मिटली, खपली गेली, की डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी वापरता येते, आणि त्या जागेवर ऊन लागू देऊ नका, नवीन कातडी पटकन काळी पडते. कपड्याने झाकणं सगळ्यात सोपं, नाहीतर सनस्क्रीन.

गोळी वाढवायची नाही, फोन करायचा, तो कधी

लाली रोज पसरत चालली आहे, दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पू किंवा घाण वास येतोय, १००.४ च्या वर ताप आहे, टाक्याची कड उघडली आहे किंवा अचानक गुलाबी पाणी भरपूर वाहायला लागलंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा, रात्र असेल तर कॅज्युअल्टीला जा. ऑपरेशनच्या जागेचं इन्फेक्शन महिनाभरात कधीही होऊ शकतं, त्यामुळे टाके निघून आठवडा झाला असला तरी हे लागू आहे. आणि काहीच लक्षण नाही पण तीन आठवडे झाले तरी जखम जिथल्या तिथेच आहे, तर नवीन सप्लिमेंट शोधत बसू नका, शुगर, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) तपासून घ्या आणि तो गोळ्यांचा कागद, रोज काय काय खाल्लं त्याच्या चार ओळी लिहून, बरोबर न्या.